बाई वहिनी झाल्या तेव्हा

उमसुनाय बाई नारिन शहरातून आमच्या डोंगरातल्या गावच्या शाळेत आल्या तेव्हा मी सहावीत होते. त्या फळ्यावर पानाचा आडवा छेद काढायच्या आणि अख्खा वर्ग गप्प व्हायचा. बाई "हरितद्रव्य" म्हणाल्या की मला उगाचच भरून यायचं. दोन वर्षांत मी एकशे बारा फुलझाडं वाळवून वहीत चिकटवली. प्रत्येक पानावर बाईंची लाल सही होती. मोठेपणी मी वनस्पतिशास्त्रज्ञ होणार, हे मी घरात जाहीर करून टाकलं होतं.

आठवीच्या ऑक्टोबरात माझ्या मेलिसदादाने बाईंशी लग्न केलं.

नव्या सुनेने सगळ्यांच्या आधी उठायचं, चूल पेटवायची, सासू-सासऱ्यांना वाकून सलाम करायचा आणि चहा ओतायचा. बाईंना चूल पेटवता येत नव्हती. आठवडाभर घरात धूर होता.

"गोवरी उभी लाव गं, आडवी नको," आई म्हणायची. "पुस्तकात नसेल लिहिलेलं."

बाई घोरायच्या. दोन घास खाल्ले की त्यांना उचकी लागायची. रोटी एका बाजूने करपायची. आणि आठ वाजता त्याच बाई वर्गात उभ्या राहून विचारायच्या, "आसिल, प्रकाशसंश्लेषणाला काय काय लागतं?" मला त्यांच्या कोपराला लागलेली काजळी तेवढी दिसायची. हरितद्रव्य ऐकून आता काहीच होत नव्हतं. शाळेत बाई म्हणायचं, घरी वहिनी म्हणायचं. मी त्यांना हाक मारायचीच टाळायला लागले. वही कपाटावर गेली. जानेवारीच्या चाचणीत मला पाचापैकी दोन मिळाले. दोन म्हणजे नापास.

आईने पेपर बघितला.

"हे कुणी दिले?"

"मी, आई," वहिनी म्हणाल्या.

"घरच्या पोरीला?"

"शाळेत ती घरची नसते."

"आणि तू? तू तरी या घरची आहेस ना? ते दोन खोड आणि चार कर."

"ते नाही व्हायचं, आई." एवढं बोलून वहिनींनी वाकून, दोन्ही हातांनी चहाचा पियाला पुढे केला. आईने घेतला नाही. बाबांनी घेतला आणि चहा बरा झालाय म्हणाले.

त्यानंतर आई सुनेशी माझ्यामार्फत बोलायची. "तुझ्या बाईंना सांग, पीठ संपत आलंय." बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या असायच्या. मी सांगायचे. बाई म्हणायच्या, "बरं." मी तेही पोचवायचे.

जूनमध्ये मेंढरं घेऊन आम्ही वरच्या कुरणात तंबू ठोकला. वहिनींना सहावा महिना होता. दादा आणि बाबा गवताच्या कामाला खाली गेले, आणि नेमका दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी उपाशी कोकरं दिसेल त्या हिरव्यावर तुटून पडली. दुपारी दोन कोकरांच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटले, आणि संध्याकाळच्या आत दोन्ही मेली. आईने उताराकडे एकदा बघितलं, सगळा कळप ओढ्यापलीकडे हाकलला आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोकरांनी काय खाल्लं ते बघायला वहिनी उतार चढल्या. त्या पडतील म्हणून आईने मला मागे पाठवलं. वर दोन झाडं शेजारी शेजारी वाढलेली होती. दोन्हींची पानं पंज्यासारखी कापलेली.

"बाई, यातलं विषारी कोणतं?" कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून बाई निघालं.

त्या खाली बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"माहीत नाही."

"तुम्हाला?"

"मी फुलावरून ओळखते. पुस्तकातलं चित्रही फुलाचंच असतं. तुझ्या वहीत आहे का?"

माझी एकशे बाराही झाडं फुललेली होती. नुसत्या पानांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मला बाईंचा राग यायला हवा होता, पण तेवढ्यात दिसलं की एक पान चकचकीत आहे आणि दुसऱ्यावर लव आहे. मी ते सांगितलं.

"मग कोणतं?"

"लव असलेलं," मी म्हणाले.

"मलाही तेच वाटतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही झाडांना लोकरीचा एकेक दोरा बांधला. "आता तू बघत राहा. मला रोज चढवणार नाही."

मी रोज गेले. बोटांनी उंची मोजली, पानं मोजली, लिहून ठेवलं. त्यावर सही कुणी केली नाही आणि मलाही आठवण झाली नाही. जुलैच्या शेवटी लव असलेल्या झाडाला गुलाबी, पाच पाकळ्यांचं निरुपद्रवी फूल आलं. आम्ही दोघी चुकलो होतो. मी पळत जाऊन सांगितलं तर वहिनी इतक्या हसल्या की उचकी लागली. ऑगस्टमध्ये दुसरं फुललं. निळं, टोपीसारखं फूल. ते फडक्यात धरून मी तंबूच्या दारात आणलं.

आईने मान वळवून बघितलं. "हा तर बचनाग."

"तुला माहीत होतं?"

"पान चकचकतं की त्याचं. पाच वर्षांची होते तेव्हापासून ओळखते."

"मग जूनमध्ये का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी? मेंढरं हलवली की मी."

वहिनींनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. "आई, फूल नसताना आणखी कोणकोणती झाडं ओळखता?"

"आधी हात धुवा दोघी," आई म्हणाली. मग घोडीचं दूध काढायची वेळ होईपर्यंत सांगत बसली. तेवीस झाली. वहिनी सावकाश लिहितात म्हणून मधे दोनदा ओरडली.

नववीत मला तीन मिळाले, दहावीत चार. पाच वहिनींनी मला कधीच दिले नाहीत. मी आता जिल्ह्याच्या कुरण खात्यात आहे. कळप वर चढण्याआधी, फुलं यायच्या आत, उतार तपासायचं काम माझ्याकडे असतं.