चुंबकाची नथ

नथीचा हट्ट गुंजनचा नव्हता, माझा होता. माझी पाच वर्षांची भाची शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळीगीतावर नाचणार आणि नाक मोकळं? छे! नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून मी वणीच्या बाजारातून चुंबकाची नथ आणली. नथ बाहेरून लावायची आणि मुगाएवढं चुंबक नाकपुडीच्या आतून. पाकिटात आतलं चुंबक एक जास्तीचंही होतं. दुकानदाराचं मला कौतुकच वाटलं.

गुरुवारी तालीम करताना गुंजननं जोरात नाक वर ओढलं आणि चुंबक घशात गेलं. तिची आई सुरभी घाबरली. "ताई, दवाखान्यात नेऊ का?"

"कायले? अवधूतनं लहानपणी चाराणे गिळले होते. दोन केळी चारली, दुसऱ्या दिवशी बाहेर!"

घरात माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही. अवधूत, माझा धाकटा भाऊ, केळी आणायला गेला. मी जास्तीचं चुंबक बसवलं आणि गुंजनला दम दिला, "आता हे हरवलं तर नाचू देणार नाही."

शनिवारी नाचता नाचता तिची नथ गळून पडली. मी पहिल्या रांगेतून डोळे वटारले. बिचारी हसत नाचत राहिली. आतलं चुंबकही स्टेजवरच पडलं असेल, असं मी धरून चालले.

सोमवारी उलट्या सुरू झाल्या. गॅसचं औषध दिलं. मंगळवारी पोट दगडासारखं झालं, तेव्हा एक्स-रे काढला. दोन ठिपके, चिकटलेले.

"एकच असतं तर बहुतेक निघून गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ही दोन वेगवेगळ्या वेळी गेलीत. आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून बसलीत. मधलं आतडं चिमटून भोक पडलं असावं. ताबडतोब नागपूरला न्या."

नागपूरला पोचलो तेव्हा पोर तापानं फणफणली होती. सुरभीनं तिला विचारलं, "दुसरं कधी गेलं, बाई?"

"नाचताना."

"सांगितलं काहून नाही?"

"आत्या नाचू देणार नव्हती."

सुरभीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. अवधूत कागदांवर सह्या करत होता. मला करण्यासारखं काहीच नव्हतं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गुंजननं माझं बोट धरलं.

"आत्या, डॉक्टर तुहे दोन्ही चुंबकं काढून देतीन. मंग तू नाही रागावशीन ना?"

मी 'नाही' म्हणायच्या आत दार लागलं.