धुतलेला कचरा

आमच्या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना रोज सकाळी किनाऱ्यावरचा कचरा उचलायला मिळतो. जाहिरातीत तसं छापलंय. पंचाईत एवढीच, की पाहुणे उठायच्या आत किनारा मी झाडून काढतो. पहिल्या तुकडीला नुसती वाळूच दिसली, तर त्यांनी फसवणूक झाल्याची तक्रार केली.

मॅनेजर साहेब मला म्हणाले, "काढलेला कचरा जपून ठेवत जा. झाडून झालं की परत टाक."

झालं. आता मी आधी झाडतो आणि मग पसरतो. एका बाईंनी बाटलीला वास येतो म्हणून नाक मुरडलं, तेव्हापासून लॉन्ड्रीत चादरींच्या मागोमाग बाटल्या धुवायचं काम माझ्या बायकोच्या गळ्यात पडलं. ती हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मध्यंतरी कचरा संपत आला, कारण पाहुणे आठवण म्हणून तो घरी नेतात. साहेबांनी पलीकडच्या शहरातून बोटीने नवा मागवला. माल चांगला होता. वाटेत खराब होऊ नये म्हणून एकेक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवली होती. उतरवून बाटल्या बाहेर काढताना वारा सुटला आणि त्या सगळ्या रिकाम्या पिशव्या उडून समोरच्या पाण्यातल्या प्रवाळात जाऊन अडकल्या.

मी साहेबांना नेऊन दाखवल्या. म्हटलं, "साहेब, उद्या पाहुण्यांना ह्याच काढायला सांगू या. निदान खऱ्या तरी आहेत."

साहेबांनी वाकून पाण्यात बघितलं.

"नको," ते म्हणाले. "तिथे कोणी उतरायचं नाही. प्रवाळाला इजा होते."