चार खेपा

"पाणी नको. पाच मिनिटांचं काम आहे," मुलगी म्हणाली आणि खुर्ची पुढे केलेली असूनही उभीच राहिली.

काकूंच्या हातातला पेला हवेतच राहिला. या मुलीने पाणी मागितलं नाही असा एक दिवस या घरात गेला नव्हता. वरच्या मजल्यावरून धडधडत खाली यायची, "काकू, पाणी!" म्हणून ओरडायची, गटागट प्यायची आणि रिकामा पेला भलत्याच ठिकाणी ठेवून पसार व्हायची. कधी तो पायरीवर सापडे, कधी चपलांच्या शेजारी. आज ती पर्स छातीशी धरून उभी होती. काकूंनी पेला टेबलावर आपटला नाही, पण नुसता ठेवलाही नाही. दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं आणि त्या आतल्या दाराशी जाऊन थांबल्या.

तिचा बाप, मिस्त्री, मात्र बसला होता. बसला म्हणजे सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकला होता. उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तो हात डाव्या हाताखाली झाकून ठेवायची त्याला सवय होती, पण आज त्याला सगळं अंगच कुठेतरी झाकून ठेवावंसं वाटत होतं.

समोर मास्तर बसले होते, घरमालक. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पोस्टात काउंटरवर नोकरी झाली, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली एक टाइप केलेला कागद होता आणि त्याच्या डोक्यावर 'नोटीस' असं लिहिलेलं मिस्त्रीला इथूनही वाचता येत होतं. पोरीने नोटीस धाडली होती. बापाला विचारलंही नव्हतं.

"पत्र मिळालं ना, साहेब?"

साहेब! या घरात आल्यापासून ती त्यांना मास्तरकाका म्हणत आली होती.

"मिळालं की," मास्तर म्हणाले. "छान लिहिलंयस. एक चूक नाही."

तिचं म्हणणं सरळ होतं. मिस्त्रीचं कुटुंब अठरा वर्षं मास्तरांच्या वरच्या दोन खोल्यांत राहिलं. भाडं तीन-तीन महिन्यांचं आगाऊ द्यायची पद्धत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांनी खोल्या सोडल्या, त्या तिमाहीचा पहिलाच महिना संपत असताना. म्हणजे दोन महिन्यांचं भाडं परत यायचं, आणि अनामत. मुलगी एका वकिलाकडे टायपिस्ट होती. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून तिच्या जिभेला धार आली होती. नव्या जागेच्या अनामतीसाठी तिने त्याच वकिलाकडून उसने पैसे घेतले होते आणि तो रोज आठवण करून देत होता.

"बाबा चार वेळा तुमच्या दारात आले," ती म्हणाली. "चारही वेळा तुम्ही त्यांना पुढच्या आठवड्याचा वायदा करून परत पाठवलंत. दोन बस बदलून येतात ते, या वयात. अठरा वर्षांत एक दिवस भाडं चुकलं होतं आमचं?"

मास्तरांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

मिस्त्री एकदाही आला नव्हता. रविवारी दुपारी शर्ट बदलून घरातून निघायचा, बसमध्ये बसायचा, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा आणि त्याच बसने परत यायचा. घरी आल्यावर सांगायचा, "आज नाही म्हणाले. बघू म्हणाले." पहिल्या वेळी नुसती वेळ मारून न्यायची म्हणून म्हणाला. पण खोट्याला एकदा जेवू घातलं की ते रोज ताटावर येऊन बसतं. दुसऱ्या खेपेला मास्तर "जरा तोडून बोलले", तिसऱ्या खेपेला त्यांनी "दारातूनच परत पाठवलं". आपल्याच घरात बसून एका भल्या माणसाची त्याने अशी चार वेळा बेअब्रू केली होती आणि वर पोटभर जेवला होता.

आता मास्तर सांगणार. सांगू देत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"हो," मास्तर म्हणाले. "आले होते. माझीच चूक झाली."

"अहो!" दारातून काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात पुष्कळ काही होतं.

"तू थांब गं." मास्तरांनी टेबलाचा खण उघडून एक पाकीट काढलं. "भाड्याचे हे केव्हाचे तयार आहेत." पाकिटावर पोस्टातल्या घोटीव अक्षरात तारीख होती, खोल्या सोडल्याच्या दुसऱ्याच दिवसाची. मुलीने ती पाहिली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, पण ती थांबली नाही.

"आणि अनामत?"

"अनामत," मास्तर म्हणाले. "हां. ती आत आहे. आणतो." आणि उठून आत गेले. मागोमाग काकू गेल्या.

अनामत आत नव्हती. ती सोळा वर्षांपूर्वीच संपली होती.

मिस्त्री तेव्हा लेथवर टर्नर होता. मशिनने दोन बोटं अर्धी नेली आणि कारखान्याने हातावर थोडे पैसे टेकवून त्याला घरी पाठवलं. घरी मात्र त्याने सांगितलं की दुसरीकडे हलकं काम मिळालंय. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि मोठ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर जाऊन बसायचा. तिथे 'का बसलात' असं कुणी विचारत नाही. एके दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मास्तर आले आणि त्यांनी मिस्त्रीला डबा खाताना पाहिलं. उपदेश नाही, चौकशी नाही. शेजारी बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, तुमची अनामत माझ्याकडे नुसतीच पडून आहे. काही दिवस भाडं तिच्यातूनच जाऊ दे. वर कुणाला कळायचं कारण नाही." सात महिन्यांनी मिस्त्रीला पुन्हा काम लागलं, तेव्हा अनामतीची पाटी कोरी होती. हळूहळू भरून टाकतो, असं तो म्हणाला होता. मग पोरीची फी आली, बायकोचं ऑपरेशन आलं, आणि पुढे पुढे नुसतीच न बोलायची सवय झाली. मास्तरांनी सोळा वर्षांत विषय काढला नाही.

आतून कपाटाचा आवाज आला. पाठोपाठ काकूंचा, दाबलेला. "...कवळीचे आहेत ते. अजून किती दिवस भात मऊ करून खाणार..." मग मास्तरांचं "श्श."

मिस्त्रीने चोरून मुलीकडे पाहिलं. ती खिडकीशी उभी राहून पावती लिहीत होती. तिने ऐकलं नसावं.

मास्तरांनी आणलेलं पुडकं तिने मोजलं आणि पावती बापापुढे ठेवली. "बाबा, सही."

मिस्त्रीने चष्मा लावला. 'अनामत रक्कम पूर्ण मिळाली.' अक्षरं लख्ख दिसत होती. आता बोलावं. आत्ता नाही तर कधीच नाही. त्याने तोंड उघडलं.

"पेन?" तो म्हणाला.

आणि त्याने सही केली, डाव्या हाताने. डाव्या हाताने लिहायला तो याच घरात शिकला होता, वरच्या खोलीत, पोरीच्या पाटीवर, ती झोपल्यावर. चष्मा त्याने काढून तिथेच ठेवला. मुलीने तो नेहमीप्रमाणे उचलला की नाही याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तिने पाकीट आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. "धरा. तुमचे आहेत. नीट ठेवा."

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "बघितलंत? जरा आवाज चढवला की कसे सुतासारखे सरळ झाले. तुम्ही आयुष्यभर मूग गिळून बसता, म्हणून लोकांचं फावतं."

"मास्तर तसे नाहीत गं."

"मग चार वेळा परत का पाठवलं?"

मिस्त्री पुढे चालू लागला. खिशातलं पुडकं मांडीला लागत होतं. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते तिच्या चालण्यात दिसत होतं. कोपऱ्यावर आल्यावर तो थांबला.

"चष्मा राहिला वाटतं. तू थांब इथेच."

"अहो बाबा, चष्मा—"

तो पुढचं ऐकायला थांबला नाही. इतक्या भराभर तो किती वर्षांत चालला नसेल.

काकू टेबलावरचा भरलेला पेला उचलत होत्या. मिस्त्रीने पुडकं काढून त्याच जागी ठेवलं.

"कवळी करून घ्या," तो म्हणाला.

"काहीतरीच काय, मिस्त्री!" मास्तर उठलेच. "न्या ते. पोरीला काय सांगणार आहात?"

"सांगेन, खिसा कापला."

ते त्याच्या जिभेवर तयारच होतं. इतकं तयार होतं, की त्याचं त्यालाच ओशाळवाणं झालं.

"म्हणजे अजून एक," काकू म्हणाल्या. इतका वेळ दाबलेलं आता त्यांना आवरेना. "चार पुरले नाहीत?"

मिस्त्रीने मान खाली घातली. म्हणूनच दारात कोण येऊन उभं राहिलंय ते त्याला आधी चपलांवरून कळलं.

"चष्मा माझ्याच पर्समध्ये होता," मुलगी म्हणाली. चष्मा तिच्या हातात होता.

"अगं, ये ये," मास्तर घाईघाईने म्हणाले. "काही नाही, माझ्याकडून नोटा जास्त गेल्या होत्या, त्या द्यायला हे—"

"पुरे, मास्तर," मिस्त्री म्हणाला.

अठरा वर्षांत त्याने मास्तरांना पहिल्यांदाच मध्ये तोडलं. मग तो बोलला. उभ्यानेच, आणि पोरीकडे बघण्याची हिंमत झाली नाही म्हणून दाराच्या चौकटीकडे बघत.

"मास्तरांकडे आपली अनामत नाहीये. तू सात वर्षांची होतीस तेव्हाच ती संपली. मला काम नव्हतं. सात महिने मी कामाला जातो सांगून डबा घेऊन जात होतो, आणि भाडं तिच्यातून गेलं. तुझ्या आईला पण माहीत नाही. हे पैसे यांचे आहेत. दातांचे. मला आत्ता सही करताना माहीत होतं, तरी मी केली."



"आणि ते चार वेळा?" मुलीने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"मी आलोच नाही. एकदाही नाही."

"मग कुठे जायचात?"

"बसमध्ये बसून राहायचो."

तो थांबला. आता ती बोलेल. बोलावं तिने, वाटेल तसं, चार लोकांत. तेच त्याला हवं होतं. पण ती बापाकडे बघतच नव्हती. ती टेबलाकडे बघत होती, चष्म्याच्या डबीखालच्या त्या कागदाकडे. पुढे होऊन तिने तो ओढून काढला, एक घडी घातली, दुसरी घातली, आणखी एक घातली, आणि तो एवढासा कागद मुठीत धरून, मघाशी नाकारलेल्या खुर्चीवर बसली. बापाचा चष्मा तिने त्याच्या हातात दिला. वर मात्र पाहिलं नाही.

मूठ तशीच ठेवून ती म्हणाली, "काकू, पाणी."

काकूंच्या हातात अजून तोच पेला होता. त्यांनी तो आत नेऊन ओतला आणि ताजं पाणी भरून आणलं. मुलीने ते गटागट पिऊन टाकलं, लहानपणी प्यायची तसंच. मग रिकाम्या पेल्याकडे तिने क्षणभर पाहिलं.

"ठेव तिथेच, मी घेते," काकू म्हणाल्या.

"नको," म्हणून ती उठली आणि पेला घेऊन आत गेली.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. काकू दारातून बाजूला झाल्या, पण आत गेल्या नाहीत. मिस्त्री चष्मा हातात धरून उभा होता. तो लावावा असं त्याला वाटलं नाही. आत नळ सुरू झाला होता, आणि एक पेला धुवायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तो वाहत राहिला.