सड्याचं गाऱ्हाणं

सदू गुरवाला खोटं बोलताच येत नव्हतं असं मुळीच नाही. मडक्यात भात नसला तरी दारात आलेल्याला तो तोंडभरून "जेवून जा" म्हणायचा. पण देवळात उभं राहून जे बोललो त्याला काही अर्थच नव्हता असं सांगायचं, आणि तेही शपथेवर, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

प्रकरण साधं होतं, साहेबलोकांनी त्याचा गुंता केला. पावस गावाच्या पुढे कातळवाडीच्या डोक्यावर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि वर्षभर खालच्या झऱ्याला पुरवतो. एका परदेशी कंपनीने सरकारकडून तो बॉक्साईटसाठी खणायला घेतला. पहिल्या वर्षी झरा लाल झाला, दुसऱ्या वर्षी पार आटला. वाडीने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि हुकूम निघाला, सड्यावर खणायचं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर झऱ्याला बोटभर धार आली. त्या दिवशी बायका नुसत्या बघत बसल्या होत्या.

कंपनी गप्प बसते होय! दोन देशांमधल्या गुंतवणुकीच्या कुठल्याशा जुन्या कराराचा आधार घेऊन ती परदेशातल्या पंचांपुढे गेली. तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच हाकललंत, आता नुकसान भरून द्या. भरपाईचा आकडा ऐकून मुंबईतल्या अधिकाऱ्यांनाच घाम फुटला, आणि कुजबुज सुरू झाली की एवढं देण्यापेक्षा बंदी उठवून टाकू, मिटवून टाकू. म्हणजे पंच कंपनीकडे झुकले की यंत्रं पुन्हा सड्यावर, आणि झऱ्याच्या नावाने आंघोळ.

कंपनीच्या हातात एक व्हिडिओ होता. काम सुरू करण्याआधी तिचे साहेब नारळ घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात आले होते. नारळ घेऊन आलेल्याला कोकणात कोण परत पाठवतो? सदूने नारळ देवापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ही लेकरं परमुलखातून तुझ्या सड्यावर आलीत. त्यांच्या कामाला यश दे, त्यांच्या पायाला काटा लागू देऊ नको महाराजा!" मागे उभा असलेला सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय महाराजा!" आता कंपनीचा वकील तोच व्हिडिओ दाखवून म्हणत होता की ही अख्ख्या गावाची संमती, आणि तीही देवासमोर दिलेली.

सरकारच्या वकील योगिनीबाई सदूच्या साक्षीच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी आल्या. बाई मनाच्या चांगल्या, पण घाईत. "काका, एवढंच म्हणा की हा नुसता रिवाज आहे. कोणीही आलं तरी तुम्ही तेच बोलता. त्याला अर्थ नसतो."

"अर्थ नसतो?" सदू म्हणाला. "मग आयुष्यभर मी तिथे काय करतोय, बाय?"

त्या गेल्यावर सदूची बायको काशी चुलीपुढून कडाडली, "आवो, दोन शब्द बोललात तर जीभ झडणार हाय काय? देव समजून घेईल. झरा नाय समजून घेणार!"

ती चूक बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. सदूला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी लेक शमिकाने त्याला स्कूटरवर घालून रत्नागिरीला आणलं. शमिका शिमग्यापासून माहेरीच होती. नवरा आखातात गेलाय, असं घरच्यांनी वाडीत सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे तो चिपळुणात घरीच होता, आणि शमिकाच्या पाठीवरचे वळ फक्त आईबापाने पाहिले होते. "हे वाडीत कळलं तर मी इथे राहायची नाही," असं तिने बजावलं होतं, आणि सदूने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

सरकारी सभागृहात मोठा पडदा लावला होता. पडद्यावर तीन पंच आणि कंपनीचा वकील, इकडे सदू, शेजारी दुभाषी बाई आणि समोर योगिनीबाई. मागच्या खुर्च्यांवर वाडीतली चार माणसं आणि शमिका. त्यात यमुनाबाईही होती. 'जावयाचा फोन येतो काय गो?' असं रोज शमिकाला हटकून विचारणारी शेजारीण ती हीच.

शपथ झाली. कंपनीच्या वकिलाने व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "हे यश तुम्ही मनापासून मागितलंत?"

योगिनीबाईंनी सदूकडे पाहिलं.

"मनापासून," सदू म्हणाला.

योगिनीबाईंनी डोळे मिटले.

"आणि गाव मनापासून व्हय म्हणाला?"

"व्हय."

"मग देवासमोर दिलेला शब्द फिरवायचा तुम्हाला काय अधिकार?"

सदूला उत्तर ठाऊक होतं. ते त्याच्या मागे खुर्चीवर बसलं होतं, आणि शमिकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शब्द दिला होता. तो खाली मान घालून उभा राहिला. दुभाषी बाईने प्रश्न पुन्हा सांगितला. गेला सडा, असं त्याच्या मनात आलं.

मागे खुर्ची सरकली.

"माझ्या लग्नातपण ह्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं!" शमिका उठून उभी राहिली होती. "गाव व्हय म्हणाला होता. म्हणून काय मी तिथे मार खात राहायचं होतं?"

मग पडद्यावरून मुख्य पंच शांतपणे म्हणाले, "त्या साक्षीदार नाहीत. त्यांचं बोलणं नोंदवलं जाणार नाही. त्यांना बाहेर न्या." शिपाई पुढे झाला. शमिका दारापर्यंत गेली आणि तिथेच उंबऱ्यावर थांबली.

"साक्षीदाराला उत्तर द्यायचं आहे का?"

सदूने दाराकडे पाहिलं. शमिकाने मान डोलावून होकार दिला. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"द्यायचं हाय. आता माझं लिहा. ती माझी लेक, शमिका. तिच्या लग्नात मी गाऱ्हाणं घातलं, मनापासून. गाव व्हय म्हणाला, मनापासून. त्या घरात तिला मारायला लागले, तेव्हा मी तिला परत आणली. मी देवाला फसवलं नाय, जावयालाही नाय. लेक नांदवायला दिली होती, मारायला नाय दिली. सडाही तसाच दिला होता."

दुभाषी बाईने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. मुख्य पंचांनी पेन उचललं. कंपनीच्या वकिलाला आणखी काही विचारायचं नव्हतं. निकाल यायला अजून महिने लागणार होते आणि तो कसा लागेल हे योगिनीबाईंनाही सांगता येत नव्हतं.

शिपाई दारातून बाजूला झाला, तरी शमिका आत यायला धजेना. तेव्हा यमुनाबाईने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"ये गो बाय," ती म्हणाली, "बस हितं."