नांदगावची बुरशी

बाबा कपाशीच्या पानांवर ठिपके पाडणारी बुरशी गोळा करायचे. येवला, मालेगाव, सिन्नर, जिथून मिळेल तिथून रोगट पान आणायचं आणि त्यातली बुरशी नाशिकच्या प्रयोगशाळेत वाढवायची. एकाच जातीची बुरशी गावागणिक किती वेगळी वागते, हे त्यांना पाहायचं होतं. शेवटचं पान नांदगावचं. त्यानंतर ते दवाखान्यातच होते, आणि तिथेच गेले.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट रिकामं करायला गेले. त्यांची विद्यार्थिनी तृप्ती म्हणाली, "ताई, नांदगाववाली बहुतेक टाकावी लागेल."

बाकीच्या प्लेटांमधली बुरशी काळपट हिरवी होती. ही पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. बाबा नसताना ती मरू नये म्हणून तृप्ती तिला पुन्हा पुन्हा बटाट्याच्या खुराकावर वाढवत राहिली होती.

"आयतं खाऊन सुस्तावलीय. जिवंत पानावर ठिपका पाडला तर ठेवू."

"मग पाड ना."

"मी नाही हो, तिने पाडायचाय."

तिने प्रत्येक गावची बुरशी पाण्यात घुसळून कुंडीतल्या कपाशीवर फवारली आणि ओल टिकावी म्हणून झाडांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. नांदगावच्या वाट्याला दोन झाडं आली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. पिशवीत पानं घामेजून लोंबत होती. मी एका झाडाची पिशवी सोडली. दवाखान्यात बाबा ऑक्सिजनचा मास्क काढ म्हणायचे, तेव्हा मी काढला नव्हता.

"ही कुणी सोडली?" तृप्तीने आल्या आल्या विचारलं.

"गुदमरतंय असं वाटलं."

तिने दुसऱ्या झाडाच्या पिशवीची गाठ तपासली. "ओल गेली की बुरशी पानात शिरत नाही, ताई. आता दुसऱ्याला हात लावू नका."

आठवड्यानंतरही सोडलेलं झाड स्वच्छच होतं. दुसऱ्याच्या खालच्या पानांवर ठिपके आले. बारीक, मोजकेच. मालेगावच्या बुरशीने तोवर पानं गाळायला सुरुवात केली होती.

"एवढेच?" मी विचारलं.

"सगळ्यांत मवाळ निघाली. पण सरांना हाच तर फरक हवा होता. सगळ्या सारख्याच वागल्या असत्या तर माझी पीएचडी बुडाली असती."

ठिपक्याच्या कडेचा, अर्धा तपकिरी अर्धा हिरवा तुकडा कापून तिने त्यातली बुरशी पुन्हा वाढवायला नव्या प्लेटमध्ये ठेवला.

"आणि झाडं?"

"जाळायची. रोग बाहेर जायला नको."

मी ठिपक्यांचं झाड मुळासकट उपटलं. दुसऱ्यापाशी थांबले.

"हे तर चांगलं आहे."

"फवारलंय ना त्याच्यावरही."

मी तेही उपटलं.