टेबलावरचं स्टेडियम

“दोन वर्षं झाली, मांडीवर ताटं घेऊन जेवतोय,” नीता पुटपुटली, सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. सिंगापुरात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमधलं एकुलतं एक टेबल पुठ्ठ्याच्या स्टेडियमने अडवलं होतं. जहाजावर इंजिनिअर असताना तिचे सासरे पांडुरंगराव स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या फुटबॉल क्लबच्या प्रेमात पडले होते. क्लब जुनं मैदान सोडून अनोएता स्टेडियमवर गेला आणि खेळाडू-प्रेक्षकांमध्ये धावपट्टी आली, हे दुःख त्यांनी घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. आता क्लबवाले ती धावपट्टी काढून प्रेक्षकांना पुढे आणत होते. तिकडे काम सरकलं की इकडे पुठ्ठा कापला जाई.

“हे झालं, की मी कायमचा पुण्याला,” ते म्हणत.

त्या रविवारी त्यांनी शेवटची खुर्ची चिकटवली. “संपलं!”

कुणी टाळी वाजवेना.

“पार्किंग राहिलं की, बाबा,” मुलगा क्षितिज म्हणाला.

“टॉयलेट पण नाही लाह, आजोबा,” नात गार्गी इथल्या शाळेतल्या सुरात म्हणाली.

“आणि वड्याची गाडी?” नीताने विचारलं.

“स्पेनमध्ये?” पांडुरंगराव हसले आणि कात्री, डिंक डब्यात भरू लागले.

नीताने डबाच ओढून घेतला. “बाबा, जाऊ नका ना. इथेच राहा.”