शिवणघरातला साखरेचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आज माझ्या पोटात खडूचे तुकडे, वाकलेल्या सुया आणि जोडी हरवलेली बटणं आहेत. पण एके काळी मी साखरेचा डबा होतो, आणि मला त्याचा फार ताठा होता.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. यंत्राने मला वळवून गोल केलं आणि माझ्या पोटावर एक लाल फूल छापलं. दुकानाच्या फळीवरून एका बाईंनी मला उचललं, झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "घट्ट आहे. मुंग्या जायच्या नाहीत." त्या एका शिवणघराच्या मालकीण होत्या.

शिवणघर म्हणजे एक लांबलचक खोली. खिडकीखाली ओळीने मशिनी, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्रीवाले मामा आणि त्यांची वाफ. मला टेबलाजवळच्या फळीवर जागा मिळाली. तिथून सगळं दिसायचं.

तिथे एक रीत होती. काम अंगावर आलं की जेवणाची सुट्टी पुढे जायची. मशिनी मंदावू लागल्या की मालकीणबाई मला काखेत मारून निघत आणि प्रत्येकीच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवत. "घ्या गं, तोंड गोड करा. एवढे कोट गेले की जेवायचंच आहे." मग आपला चहाचा कप घेऊन त्या टेबलापाशी बसत. बायका हात चाटत हसायच्या. "किती जीव लावतात बाई!" म्हणायच्या. आणि मी, मित्रांनो, फुलाने नव्हे, अभिमानाने फुलायचो. मला वाटायचं, माया म्हणतात ती माझ्याच पोटात भरून ठेवलेली आहे.

सगळ्यांत माझी लाडकी होती काजकाकू. कोटाची काजं हाताने घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचं नावच काजकाकू पडलं. कामाइतकीच तिची जीभही चाले.

"मामा, इस्त्री तापलीय की तुम्ही?"

"इस्त्री बटण फिरवलं की थंड होते गं. तुझं बटण कुठाय ते सांग!"

साऱ्या खोलीत हशा पिकायचा.

मग कामं वाढली. सुट्टी रोजच पुढे जाऊ लागली, आणि माझ्या फेऱ्याही वाढल्या. साखर खाल्ली की काजकाकूची बोटं भराभर पळायची. पण थोड्या वेळाने तीच बोटं थरथरायची. कुणी हाक मारली तरी ती अंगावर यायची. मग डोळ्यांत पाणी, आणि पुन्हा माझ्याकडे हात. पुढे पुढे तर ती बाईंची वाटही बघत नसे. स्वतःच येऊन झाकण उघडायची. मामांनी थट्टा केली तर मान वर करायची नाही.

"झोपच लागत नाही हो, मामा," ती एकदा म्हणाली. "सगळं नकोसं वाटतं. काल पोरीने नुसतं पाणी मागितलं, तर केवढ्यांदा खेकसले तिच्यावर. आता ती माझ्याजवळ यायलाच भिते. वेड लागेल का हो मला?"

मामांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला. मला मात्र वाटलं, हिला मी आहे ना!

एक दिवस तिच्या हातून घात झाला. बायकांच्या कोटाला काजं उजव्या बाजूला असतात. तिने ती डावीकडे कापली. मित्रांनो, चुकलेली शिवण उसवता येते. कापलेलं काज परत जुळत नाही. मालकीणबाईंनी कोट सगळ्यांसमोर उंच धरला. "तुझं डोकं ठिकाणावर नाही. असंच चाललं तर मला दुसरी काजवाली बघावी लागेल." ती रडू लागली, तशी बाईंनी मलाच उघडलं. "घे, पुरे आता रडणं. लाग कामाला."

तेवढ्यात बाईंची नात तिथे आली. गोबऱ्या गालांची, चौकस पोर. सगळ्या मशिनींभोवती फिरून ती काजकाकूपाशी थांबली. काकूच्या हातावर साखर तशीच होती. डोळे पुसून तिने हात पुढे केला. "घे गं सोन्या, तू खा."

"अगं, तिला नको!" मालकीणबाई केवढ्यांदा ओरडल्या. "जेवली नाहीये अजून ती. उपाशी पोटी साखर खाल्ली की हिचं डोकं फिरतं. आधी नाचते, मग चिडचिड, मग रडरड. घरात आम्ही देतच नाही हिला!"

एक मशीन थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"आम्ही तरी कुठे जेवलोय, बाई?" काजकाकू हळूच म्हणाली. "मग आमच्या डोक्याचं काय?"

"अगं, ती लहान आहे. तुम्ही कामाची माणसं. तुम्हाला जरा तरतरी नको का?"

"आणि तुमचा चहा? तो बिनसाखरेचा का हो असतो?"

काजकाकूने तळहात उलटा केला. साखर फरशीवर सांडली. मामांनी इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "चला बायांनो, जेवून घेऊ."

"अरे, पण कोट आजच जायचेत!"

कुणी ऐकलं नाही. डबे उघडले, आणि त्या खोलीला कितीतरी दिवसांनी भरदुपारी जेवणाचा वास आला.

माझ्या आत काय झालं ते कसं सांगू? बाईंच्या कपात माझा एकही दाणा कधी पडला नव्हता. मी ते रोज बघत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. ज्याला मी माया समजलो, ती जेवणाची सुट्टी वाचवायची युक्ती होती. माझ्या अंगावरचं फूलसुद्धा मला खोटं वाटू लागलं.

काजकाकू नंतर डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आल्यावर तिने मामांना सांगितलं, "त्या म्हणाल्या, मन एकाच कारणाने आजारी पडत नाही. सगळा दोष साखरेवर टाकू नका. पण उपाशी राहून रोज नुसती साखर खाल्ली, तर ती दुखण्यात भर घालू शकते. वेळेवर जेवा, झोपा, आणि मला भेटत राहा." ती लगेच बरी झाली नाही. काही दिवस तर डोकं धरून बसायची. पण मग कधीतरी मामांना पुन्हा टोमणा बसला, आणि मामा एवढे खूश झाले की कापड करपवून बसले.

माझी साखर ओतून टाकली गेली. मला खालच्या फळीवर ढकललं. मला कुणी पुसलंही नाही. माझं झाकण आता घट्ट लागत नाही.

परवा काजकाकूची लेक तिला न्यायला आली. आईच्या हातात हात घालून उभी होती. माझ्यावरचं फूल पाहून तिने विचारलं, "आई, ह्यात खाऊ आहे?"

"नाही गं. खडू आहेत." आणि काकूने तिला जवळ ओढलं.

मित्रांनो, मला पुन्हा वर ठेवा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. कुणी दमलेलं दिसलं, रडताना दिसलं, तर माझ्यासारखा डबा शोधत धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "जेवलास का?"

माझ्या काजकाकूला ते कुणीच विचारलं नव्हतं.